प्रवचनकलेची आणि धर्म-अभ्यासाची पुस्तके कशी पारखावीत: नव्याने परीक्षण करणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वाचनालयासाठी पुस्तके निवडण्याचे काम पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा माझ्यासमोर दोन खोकी ठेवण्यात आली आणि यातली ठेवण्याजोगी कोणती ते सांगा, एवढेच सांगण्यात आले. एका खोक्यात उपदेश कसा तयार करावा हे शिकवणारी पुस्तके होती आणि दुसऱ्यात धर्माच्या अभ्यासाविषयीची. मी दोन्ही खोकी एकाच मापाने मोजली. ज्यात तळटीपा भरपूर ते चांगले, ज्याची भाषा भारदस्त ते चांगले, असा माझा हिशेब होता. त्या वर्षी घेतलेली बरीच पुस्तके आजही कोरी आहेत, आणि जी दोन-तीन मी परत पाठवली ती पुढे आमच्या पाळकांनी स्वतःच्या पैशाने विकत आणली.

मुंबईत चर्चच्या वाचनालयासाठी, अभ्यासमंडळासाठी किंवा एखाद्या मासिकातल्या परीक्षणासाठी हे काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. आपण ख्रिस्ती असावे अशी अट नाही. धर्म-अभ्यासाच्या पुस्तकांचे काही उत्तम वाचक मला चर्चच्या बाहेरच भेटले.

१. पुस्तक काय कबूल करते ते आधी ओळखा

प्रवचनकलेचे पुस्तक वाचकाला बोलायला शिकवते, तर धर्म-अभ्यासाचे पुस्तक त्याला पाहायला शिकवते. पहिल्याची परीक्षा व्यासपीठावर होते आणि दुसऱ्याची परीक्षा ते ज्या माणसांविषयी बोलते त्यांच्यासमोर होते. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढची निम्मी गफलत टळते.

अडचण अशी की पुष्कळ पुस्तके दोन्ही कामे एकदम करत असतात आणि तसे सांगत नाहीत. याबाबतीत जुने लेखक अधिक सरळ होते. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी पारशी धर्मावर १८४३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या लांबलचक शीर्षकातच त्या धर्माचे खंडन आणि ख्रिस्ती धर्माशी तुलना हा हेतू नोंदवलेला आहे. तो ग्रंथ आज वाचताना आपण वादविवादातली एक बाजू ऐकत आहोत हे आपल्याला पहिल्या पानावरच कळते, आणि मग त्यातली माहिती, त्या काळच्या मुंबईतले वाद, पारशी पंडितांनी दिलेली उत्तरे हे सारे उपयोगी पडते. याउलट, शीर्षकात ‘अभ्यास’ किंवा ‘परिचय’ असे लिहून आत उपदेश करणारे पुस्तक नवशिक्याला फसवते. मिशनरी अभ्यासक जे. एन. फार्कर यांचे १९१३ चे ‘द क्राउन ऑफ हिंदुइझम’ या दोहोंच्या मधले आहे: हिंदू धर्माविषयी त्यात आस्था आहे, अभ्यासही आहे, पण हिंदू धर्माची पूर्तता ख्रिस्तात होते हा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. अशा पुस्तकाला वाईट म्हणू नये. मात्र ते कोणत्या फळीवर लावायचे हे परीक्षकाने सांगितलेच पाहिजे.

२. हाताशी काय असावे

पवित्र शास्त्राच्या किमान दोन मराठी प्रती घ्याव्यात: एक प्रोटेस्टंट मंडळ्यांत वापरली जाणारी, सहासष्ट पुस्तकांची, आणि दुसरी कॅथलिक, त्र्याहत्तर पुस्तकांची. एखाद्या लेखकाने मक्काबी किंवा तोबित या फक्त कॅथलिक प्रतीतल्या पुस्तकांचा संदर्भ दिला आणि तो आपल्या प्रतीत सापडला नाही, तर चूक लेखकाची नसते. स्तोत्रांचा क्रमांकही तपासावा लागतो, कारण ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे आपले तेविसावे स्तोत्र जुन्या कॅथलिक पुस्तकांत बाविसावे म्हणून येते. माझ्या एका सहकाऱ्याने याच कारणावरून एक चांगले जुने पुस्तक ‘संदर्भ चुकीचे’ असा शेरा मारून बाजूला ठेवले होते.

याखेरीज कोणता शब्द शास्त्रात कुठे आला आहे ते दाखवणारी शब्दसूची, उपासनेत वाचायच्या उताऱ्यांचे म्हणजे वाचनपाठांचे चालू वर्षाचे कॅलेंडर, पेन्सिल, आणि प्रत्येक पुस्तकासाठी एक कोरा कागद लागतो. तुलनेसाठी जुनी पुस्तके पाहायची असतील तर फोर्टमधल्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, झेवियर्स कॉलेजमधली १९२६ साली फादर हेन्री हेरास यांनी स्थापन केलेली हेरास इन्स्टिट्यूट आणि मराठीसाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय या तीन ठिकाणी आधी चौकशी करावी. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम जाण्यापूर्वी विचारून घ्यावेत, आणि ओळखपत्रासोबत आपल्या मंडळीचे किंवा संस्थेचे पत्र न्यावे.

३. श्रेयपृष्ठ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

मुखपृष्ठ उलटल्यावर जे बारीक अक्षरांतले पान येते ते नवीन माणूस हमखास ओलांडून जातो. तिथे मूळ प्रकाशनाचे वर्ष, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक, आणि अनुवाद असेल तर कोणत्या भाषेतून, हे पाहावे. चकचकीत नव्या मुखपृष्ठाखाली शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक निघणे हे या विषयात नेहमीचेच आहे, कारण स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ छापणे स्वस्त पडते. जुने असणे हा दोष नाही. अमेरिकन उपदेशक जॉन ब्रॉडस यांचे उपदेशाच्या तयारीवरचे पुस्तक १८७० चे आहे, आणि मुद्द्यांची मांडणी शिकवण्यात ते आजही कामाचे आहे. पण त्यातले धर्मविषयक ज्ञान १८७० चे आहे हे ठाऊक असल्याशिवाय ते कुणाच्या हाती देऊ नये.

पुष्कळ कॅथलिक पुस्तकांवर बिशपांची मुद्रणपरवानगी छापलेली असते. तिचा अर्थ एवढाच की मजकुरात श्रद्धेच्या शिकवणीला बाधक असे काही आढळले नाही. पुस्तक चांगले लिहिले आहे किंवा बिशपांना त्यातली सर्व मते मान्य आहेत, असे ती परवानगी सांगत नाही.

४. एकच उतारा घ्या आणि त्यावर पुस्तक घासून पाहा

सगळे पुस्तक वाचायला वेळ नसतो, म्हणून मी प्रवचनकलेच्या प्रत्येक पुस्तकात एक ठरलेला उतारा शोधते: लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, ओवी पंचवीस ते सदतीस. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला पाहून एक याजक आणि एक लेवी बाजूने निघून जातात, आणि परका मानला गेलेला शोमरोनी त्याला मदत करतो, अशी ती गोष्ट आहे. हा दाखला जवळपास प्रत्येक लेखक कुठे ना कुठे वापरतोच, त्यामुळे तुलना सोपी जाते.

मी दोन गोष्टी पाहते. शास्त्री येशूला विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ आणि दाखला संपल्यावर येशू त्याला उलट विचारतो की या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला. प्रश्न फिरला आहे. आधी शेजारी म्हणजे ज्याला मदत करायची तो होता. शेवटी शेजारी म्हणजे ज्याने मदत केली तो झाला. ज्या लेखकाचे या वळणाकडे लक्ष गेलेले नसते, तो ‘गरजूंना मदत करा’ एवढाच बोध काढून थांबतो, आणि असा लेखक इतर उताऱ्यांतही तेच करतो असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे याजक. पुष्कळ पुस्तके ठामपणे सांगतात की प्रेताला शिवल्याने विटाळ होईल आणि मंदिरात सेवा करता येणार नाही म्हणून याजक बाजूने निघून गेला. परंतु लूकने लिहिले आहे की तो त्या वाटेने खाली उतरत होता. यरुशलेम उंचावर आहे आणि यरीहो खोल दरीत. म्हणजे तो मंदिराकडून निघाला होता, मंदिराकडे जात नव्हता. शिवाय विटाळाचा शब्दही उताऱ्यात नाही. ही समजूत व्यासपीठावरून वर्षानुवर्षे सांगितली जाते आणि तिच्यामुळे यहुदी धर्म म्हणजे निव्वळ कठोर सोवळे-ओवळे असे ऐकणाऱ्याच्या मनात बसते. ज्या शहरात बेने इस्रायल हा यहुदी समाज मराठी बोलत पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्या शहरातल्या उपदेशकाने तरी ही चूक करू नये, असे मला मनापासून वाटते. लेखकाने उतारा स्वतः वाचला आहे की दुसऱ्याचा उपदेश ऐकून लिहिले आहे, हे ‘खाली उतरत होता’ या एका क्रियापदावरून कळते.

५. दृष्टान्तांची परीक्षा

माझी सर्वांत महागात पडलेली चूक इथली आहे. पहिल्या वर्षी मी उपदेशासाठीच्या दृष्टान्तांचा एक जाडजूड संग्रह घेतला, कारण विषयवार सूची उत्तम होती. मे महिन्यातल्या एका रविवारी, पंखे बंद पडलेले असताना, एका तरुण उपदेशकाने त्यातला हिमवादळात वाट चुकलेल्या शेतकऱ्याचा दृष्टान्त जसाच्या तसा सांगितला. घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर का बांधायचा हे मंडळीतल्या कुणालाच कळले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, “बाई, आमच्या चाळीत पाणी भरलं होतं, तेव्हा पोरांनी जिन्याला दोर बांधला होता.” दृष्टान्त आजींकडे तयार होता, पुस्तकाने उपदेशकाला तो शोधायला शिकवले नव्हते. तेव्हापासून मी आयते दृष्टान्त पुरवणाऱ्या पुस्तकांपेक्षा दृष्टान्त कसा शोधावा हे सांगणाऱ्या पुस्तकाला झुकते माप देते, त्यात सूची नसली तरी.

सत्यतेसाठी दोन सोपे सापळे लावून ठेवावेत. ‘सुवार्ता सदैव सांगा, गरज पडली तर शब्द वापरा’ हे वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर खपवले जाते. त्यांच्या उपलब्ध लिखाणात ते कुठेही नाही. तसेच, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, या येशूच्या वचनाबद्दल, यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नाक’ नावाचा एक अरुंद दरवाजा होता आणि उंटाला गुडघे टेकून त्यातून जावे लागे, असे सांगितले जाते. येशूच्या काळी असा दरवाजा होता याला पुरावा नाही, आणि या खुलाशाने वचनाची धारच बोथट होते. ही दोन्ही विधाने खात्रीने मांडणारे पुस्तक लगेच फेकून देऊ नये, पण त्यातली बाकीची अवतरणे तपासल्याशिवाय पुढे जाऊही नये.

६. नमुना-उपदेश मोठ्याने वाचा

बहुतेक पुस्तकांत शेवटी नमुन्याचे उपदेश असतात. ते डोळ्यांनी वाचू नका. घड्याळ लावून, उभे राहून, दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. मिस्सामधले, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतले, प्रवचन थोडक्यात असावे आणि त्याला भाषणाचे किंवा व्याख्यानाचे रूप येऊ नये, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘इव्हांजेली गाउडियम’ या प्रबोधपत्रात सांगितले आहे. आपल्याकडच्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र उपदेश अर्धा-पाऊण तास चालतो. पुस्तक यांपैकी कोणत्या उपासनेसाठी लिहिले आहे हे परीक्षणात लिहावेच.

मांडणीच्या दोन पद्धती ओळखता आल्या पाहिजेत. जुन्या पद्धतीत सिद्धान्त आधी सांगून मग त्याचे तीन-चार मुद्दे पाडतात. प्रवचनकलेचे अमेरिकन शिक्षक फ्रेड क्रॅडॉक यांनी १९७१ मध्ये याच्या उलट बाजू मांडली: श्रोत्याला लहानलहान अनुभवांतून चालवत न्यावे आणि निष्कर्षापर्यंत त्याला स्वतः पोहोचू द्यावे. बऱ्याच नव्या पुस्तकांवर या विचाराची छाप आहे आणि अनेकदा तो फार मोठा शोध म्हणून सांगितला जातो. मराठी माणसाला मात्र कीर्तनातला पूर्वरंग आणि उत्तररंग ठाऊक असतो. आधी अभंगाचे निरूपण आणि मग ते मनात उतरवणारे आख्यान. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरकडे एकोणिसाव्या शतकातच उभी राहिली, आणि त्याआधी, १६१६ साली, इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठीतून लिहिलेल्या प्रवचनकलेच्या पुस्तकाला जर याची दखलच नसेल, आणि सगळी उदाहरणे परदेशी व्यासपीठावरची असतील, तर ती मोठी उणीव समजावी. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन ऐकताना वृद्धांचे ओठ जसे हलतात, तसे कोणत्याही तीन मुद्द्यांच्या आराखड्याने हलताना मी पाहिलेले नाहीत.

समोर कोण बसले आहे याचेही भान पुस्तकात हवे. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरविज्ञानाची, म्हणजे दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती श्रद्धा समजून घेण्याची, मांडणी केली; भारतातल्या मंडळ्यांत बसलेल्या बहुसंख्य माणसांचा अनुभव तिच्यामागे आहे. भारतीय वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात जातीचा उल्लेखही नसेल, तर लेखकाने आपला श्रोता पाहिलेला नाही.

७. धर्म-अभ्यासाचे पुस्तक त्या त्या माणसांसमोर धरा

धर्मांचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५९ साली एक कसोटी सुचवली: एखाद्या धर्माविषयीचे विधान त्या धर्माच्या अनुयायांना ‘हो, हे आमचे आहे’ असे म्हणता आले तरच ते ग्राह्य मानावे. या कसोटीला मर्यादा आहेत. अनुयायांना अप्रिय असलेला इतिहासही खरा असू शकतो, आणि जातीबद्दल तर कोणताही समाज स्वतःहून बोलत नाही. तरीही पहिली चाळणी म्हणून मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

ती प्रत्यक्षात कशी लावायची याचे एक उदाहरण देते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती धर्मावरचे पुस्तक हाती आले की त्याची सुरुवात कोणत्या वर्षापासून होते ते पाहावे. पुष्कळ पुस्तके १८१३ पासून, म्हणजे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले तिथपासून सुरू होतात. मग १८४२ चे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, बाबा पदमनजींची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी, पंडिता रमाबाई, टिळक दांपत्य असा प्रवास होतो. हा प्रवास खरा आहे आणि मराठी साहित्याला त्याचे ऋण आहे. पण वांद्र्याच्या, गोराईच्या किंवा वसईच्या ईस्ट इंडियन या स्थानिक कॅथलिक समाजातल्या एखाद्या घरात हे पुस्तक वाचून दाखवा. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात ख्रिस्ती झाले. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकली तरी त्यांची श्रद्धा आणि मराठी बोली दोन्ही टिकली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास स्वीकारले. त्या पुस्तकात ते कुठेच नाहीत. अशा पुस्तकाला ‘महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट चळवळीचा इतिहास’ म्हणून ठेवावे, ‘महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्म’ म्हणून नव्हे.

दुसरे उदाहरण माहीमचे. दर बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, होते, तिला सर्व धर्मांची माणसे रांग लावून येतात. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर वाहणाऱ्यांतही कितीतरी हिंदू असतात. धर्म म्हणजे एकमेकांपासून कुंपणांनी तोडलेले मतांचे गट असे धरून चालणारे पुस्तक या रांगेपुढे गप्प होते. त्याने ही रांग समजावून सांगण्याचा प्रयत्न तरी केला आहे का, हे पाहावे.

८. अनुवादात शब्द तपासा

या विषयातली पुष्कळ मराठी पुस्तके अनुवादित असतात, आणि सर्वांत नाजूक चुका इथेच होतात. ‘रिलिजन’ या शब्दासाठी आपण ‘धर्म’ वापरतो, पण आपला धर्म कर्तव्यातही आहे, स्वभावातही आहे आणि ‘शेजारधर्म’ या शब्दातही आहे. चांगला अनुवादक प्रस्तावनेत ही अडचण मांडतो आणि आपण कोणता अर्थ धरला आहे ते सांगतो.

यापेक्षाही घातक म्हणजे ‘कन्व्हर्जन’. उपदेशाच्या पुस्तकात लेखक जेव्हा माणसाच्या अंतःकरणाने दिशा बदलण्याविषयी बोलत असतो, तेव्हा मराठीत पश्चात्ताप किंवा मनपरिवर्तन हवे. एका अनुवादात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘धर्मांतर’ वाचले. मूळ पुस्तक मंडळीतल्या जुन्याच श्रद्धावंतांना देवाकडे वळायला सांगत होते. अनुवाद वाचणाऱ्याला मात्र ते दुसऱ्यांचा धर्म बदलण्याचे पुस्तक वाटले असते. आजच्या वातावरणात अशी चूक निरपराध वाचनालयाला अडचणीत आणू शकते. म्हणून अनुवादित पुस्तकात कृपा, तारण, मनपरिवर्तन आणि मंडळी हे चार शब्द कुठे आणि कसे आले आहेत ते पेन्सिलीने खुणा करून पाहावे.

९. परीक्षण लिहिताना

एका पानात संपवा. पुस्तक कोणासाठी आहे, कोणत्या परंपरेतले आहे, मूळ कधीचे आहे, आणि वरच्या कसोट्यांपैकी कुठे उतरले व कुठे नाही, हे पृष्ठक्रमांकांसह लिहा. मलपृष्ठावरची स्तुती उतरवू नका. आपल्या पंथाच्या विरुद्ध मत दिसले म्हणून पुस्तक नाकारू नका. ते मत लेखकाने प्रामाणिकपणे मांडले आहे का एवढे सांगा. आपल्याला न समजलेल्या प्रकरणावर मत देण्यापेक्षा ते प्रकरण त्या विषयातल्या माणसाला वाचायला द्यावे, आणि त्याचे मत वेगळे नोंदवावे.

आमच्या वाचनालयात हे पान पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेले असते, म्हणजे पुढचा वाचक त्यात भर घालू शकतो. दृष्टान्तांच्या त्या जाडजूड संग्रहाच्या पानावर आता सात वाचकांच्या हस्ताक्षरांत सात स्थानिक दृष्टान्त लिहिलेले आहेत. पहिला त्या आजींच्या चाळीच्या जिन्याचा आहे, त्यांच्याच शब्दांत.